पूर्व क्लेअर मतदारसंघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व क्लेअर हा मतदारसंघ नेमका कुठला आणि कधीचा?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लेअर परगण्याचा हा पूर्वेकडचा अर्धा भाग. शेती, कुरणं, तळी, आणि एनिस सोडलं तर सगळी खेडी आणि लहान बाजारगावं. १८८५ साली मतदारसंघांची फेरआखणी झाली तेव्हा लंडनच्या पार्लमेंटसाठी तो तयार झाला आणि १९२२ साली संपला. जेमतेम ३७ वर्षांत तिथून तीनच माणसं निवडून आली : जोसेफ रिचर्ड कॉक्स (१८८५ ते १८९२), विली रेडमंड (१८९२ ते १९१७) आणि एमॉन डी व्हॅलेरा (१९१७ पासून शेवटपर्यंत). एवढ्या छोट्या यादीत आयर्लंडच्या राजकारणाचा अख्खा पालट मावला आहे, म्हणून या जागेबद्दल आजही एवढं विचारलं जातं.

मग कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओ'कॉनेल यांची १८२८ची गाजलेली निवडणूक पूर्व क्लेअरचीच ना?

नाही. ही चूक सर्रास होते. १८२८ साली पूर्व आणि पश्चिम असे भाग नव्हतेच. ब्रिटन-आयर्लंडचं एकीकरण १८०१ साली झालं, तेव्हा आयर्लंडच्या ३२ परगण्यांना प्रत्येकी दोन खासदार मिळाले. क्लेअर हा अख्खा परगणा मिळून दोन जागांचा एकच मतदारसंघ होता. एनिस शहराला त्याशिवाय स्वतःचा एक खासदार होता. ओ'कॉनेल निवडून आले ते या जुन्या 'क्लेअर परगणा' मतदारसंघातून. पूर्व क्लेअर हा त्याचा वारस, आणि पूर्व क्लेअरच्या लोकांनी तो वारसा १९१७ साली जाणीवपूर्वक मिरवला. पण नोंदी शोधताना दोन्ही एक समजलात तर एकही आकडा जुळणार नाही.

१८२८ साली पोटनिवडणूक लागलीच का? कुणी वारलं होतं का?

कुणी वारलं नव्हतं. क्लेअरचे खासदार विल्यम वेसी-फिट्झजेरल्ड यांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या सरकारात व्यापार मंडळाचं अध्यक्षपद मिळालं. त्या काळच्या नियमाप्रमाणे खासदाराने सरकारी लाभाचं पद घेतलं की त्याची जागा रिकामी व्हायची आणि त्याला मतदारांकडून पुन्हा निवडून यावं लागायचं. बहुतेक वेळा हा उपचारच असे, कारण समोर कुणी उभंच राहत नसे.

फिट्झजेरल्ड हे वाईट खासदार नव्हते, हेही सांगायला हवं. जमीनदार असूनही कॅथलिकांना हक्क मिळावेत या बाजूने ते मत देत. त्यांच्या वडिलांनी एकीकरणाला विरोध करून आपलं सरकारी पद घालवलं होतं. म्हणजे ओ'कॉनेल यांनी एखाद्या दुष्टाला पाडलं, असं चित्र रंगवणं खरं नाही. लढाई त्या माणसाशी नव्हती, तो ज्या सरकारात जाऊन बसला त्या सरकाराशी होती.

कॅथलिक माणसाला निवडणूक लढवायला बंदी असताना ओ'कॉनेल उभे कसे राहिले?

बंदी उभं राहण्यावर नव्हतीच. कायद्याचा अडसर होता तो सभागृहात बसण्यापूर्वी घ्यायच्या शपथेत. पोपचा अधिकार नाकारणारी शपथ आणि कॅथलिक उपासनेतल्या मूलभूत श्रद्धा खोट्या ठरवणारं जाहीर निवेदन, दोन्ही केल्याशिवाय खासदाराला जागेवर बसता येत नसे. कुठलाही श्रद्धावान कॅथलिक ते करणार नाही, एवढ्यावर सगळी व्यवस्था उभी होती. मत द्यायचा अधिकार कॅथलिकांना १७९३ सालीच मिळाला होता. म्हणजे मत देता येतं, उभं राहता येतं, निवडूनही येता येतं, फक्त बसता येत नाही. ओ'कॉनेल निष्णात वकील होते. त्यांनी नेमकी हीच फट पकडली आणि सरकारपुढे पेच टाकला : लोकांनी रीतसर निवडलेल्या माणसाला दारात अडवायचं की कायदा बदलायचा?

'चाळीस शिलिंगवाला' मतदार म्हणजे कोण?

हा मुद्दा समजला नाही तर १८२८ कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर. परगण्यात मत द्यायचं तर जमिनीवर 'फ्रीहोल्ड' हक्क असावा लागे. आपल्याला वाटतं की याचा अर्थ मालकी. आयर्लंडमध्ये तसं नव्हतं. जमीनदाराने कुळाला ठराविक वर्षांऐवजी 'आयुष्यांवर' पट्टा दिला तर तोही फ्रीहोल्ड धरला जाई. पट्ट्यात एक, दोन किंवा तीन माणसांची नावं लिहायची. त्यातलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत पट्टा चालू. अशा पट्ट्यावरची जमीन खंड वजा जाता वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड किमतीची आहे असं कुळाने शपथेवर सांगितलं की नाव मतदार म्हणून नोंदलं जाई.

जमीनदारांनी असे पट्टे भराभर वाटले, ते कुळांवरच्या प्रेमापोटी नव्हे. जितकी कुळं नोंदलेली, तितकी मतं खिशात. मतदान तोंडी आणि उघड्यावर असे. कुळाने कुणाचं नाव घेतलं ते जमीनदाराच्या कारभाऱ्याला तिथल्या तिथे कळे, आणि खंड थकलेला असेल तर घर सोडायची नोटीस तयार असे. १८२८ साली हीच कुळं जमीनदाराच्या डोळ्यांदेखत ओ'कॉनेलचं नाव घेऊन मोकळी झाली. ती हिंमत किती मोठी होती हे पट्ट्याची ही रीत कळल्यावरच उमगतं.

प्रत्यक्ष मतदान कसं झालं?

सगळ्या परगण्याचं मतदान एकाच गावी, एनिसला. ते एका दिवसात उरकत नसे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवस चाललं आणि ५ जुलै १८२८ रोजी निकाल जाहीर झाला. ओ'कॉनेलचं नाव ओ'गॉर्मन मॅहन यांनी सुचवलं आणि टॉम स्टील या प्रोटेस्टंट जमीनदाराने अनुमोदन दिलं. लांबच्या खेड्यांतून लोक आपापल्या धर्मगुरूंच्या मागे जथ्याने चालत आले. दारू प्यायची नाही, भांडण करायचं नाही, असा दंडक होता आणि तो पाळला गेला. दंगल झाली असती तर निवडणूक रद्द करायला निमित्त मिळालं असतं, हे संयोजकांना पक्कं ठाऊक होतं.

मागे संघटना होती ती १८२३ साली स्थापन झालेल्या कॅथलिक असोसिएशनची. महिन्याला एक पेनी वर्गणी ठेवल्यामुळे गरिबातला गरीबही सभासद होऊ शकत होता. निकाल : ओ'कॉनेल २,०५७, फिट्झजेरल्ड ९८२.

मग ओ'कॉनेल लगेच पार्लमेंटमध्ये बसले का?

नाही, वर्ष गेलं. कॅथलिकांवरची बंदी उठवणाऱ्या कायद्याला १३ एप्रिल १८२९ रोजी राजाची संमती मिळाली. पण नवी सौम्य शपथ फक्त यापुढे निवडून येणाऱ्यांसाठी होती. १५ मे रोजी ओ'कॉनेल सभागृहात आले, तेव्हा त्यांच्यापुढे जुनीच शपथ ठेवली गेली. त्यांनी ती नाकारली, जागा रिकामी ठरली आणि जुलैच्या शेवटी क्लेअरने त्यांना बिनविरोध पुन्हा पाठवलं.

याच्या जोडीला झालेला दुसरा कायदा फार कमी लोकांना माहीत असतो. त्याच वर्षी परगण्यातल्या मतदाराची पात्रता ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली गेली. आयर्लंडभरातले परगण्यांचे मतदार सुमारे २ लाख १६ हजारांवरून सुमारे ३७ हजारांवर आले. ज्या कुळांनी ही लढाई जिंकून दिली, त्यांचंच मत काढून घेतलं गेलं. ओ'कॉनेल यांनी हे अडवण्यासाठी पुरेसा जोर लावला नाही, हा आक्षेप त्यांच्यावर तेव्हापासून आहे आणि आमच्या मते तो रास्त आहे.

१८२९ ते १८८५ या काळात काय काय बदललं?

तीन कायदे लक्षात ठेवले तरी पुरे. १८५० साली मताचा आधार पट्ट्यावरून वहिवाटीवर आला : कर आकारणीत १२ पौंड किंवा जास्त मूल्य असलेली जमीन कसणारा पुरुष मतदार झाला. १८७२ साली गुप्त मतदान आलं आणि कारभाऱ्याची नजर मतपेटीपर्यंत पोचेनाशी झाली. १८८४ साली परगण्यांतही कुटुंबप्रमुख पुरुषांना मत मिळालं. आयर्लंडचे मतदार सव्वादोन लाखांवरून सव्वासात लाखांच्या पुढे गेले.

मधल्या काळात क्लेअरची निवडणूक म्हणजे जिवाशी खेळ होता. जुलै १८५२ मध्ये सिक्समाइलब्रिज गावात जमीनदाराच्या कुळांना मतदानाला नेणाऱ्या सैनिकांच्या तुकडीभोवती जमाव जमला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. उघड मतदानाची ही किंमत होती.

१८८० साली क्लेअरने दोन खासदार पाठवले. एक म्हणजे म्हातारे झालेले तेच ओ'गॉर्मन मॅहन, ज्यांनी ५२ वर्षांपूर्वी ओ'कॉनेलचं नाव सुचवलं होतं. दुसरे कॅप्टन विल्यम ओ'शे. यांच्याच पत्नी कॅथरीन यांच्याशी आयरिश पक्षाचे पुढारी पार्नेल यांचे संबंध जुळले आणि १८९० साली त्या घटस्फोटाच्या खटल्यात पार्नेल यांचा पक्ष दुभंगला. १८८०च्या सप्टेंबरात पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं की बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी सगळा व्यवहार तोडा. त्यानंतर काही आठवड्यांत मेयो परगण्यातल्या कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हाच प्रयोग झाला आणि 'बॉयकॉट' हा शब्द जगाला मिळाला.

१८८५ साली परगण्याचे दोन भाग कसे पाडले?

एका भागाला एक खासदार हे नवं तत्त्व आलं. क्लेअरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि एनिसची वेगळी जागा गेली, कारण १५ हजारांखालच्या शहरांना स्वतंत्र खासदार ठेवायचा नाही असं ठरलं होतं. पूर्व भागाचा कणा म्हणजे बनरॅटी आणि टुला या नावांचे जुने तालुके.

परगण्याचे दोन खासदार कायम राहिले, पण माणसं मात्र ओसरत होती. १८४१ साली क्लेअरची लोकसंख्या सुमारे २ लाख ८६ हजार होती. दुष्काळ आणि देशांतरामुळे १९११ साली ती सुमारे १ लाख ४ हजार उरली. नव्या मतदारसंघाच्या सुरुवातीलाच, १८८७ साली, बोडाइक गावात कुळांना घराबाहेर काढण्याचा मोठा संघर्ष झाला. १९०३च्या जमीन खरेदी कायद्यानंतर कुळं हळूहळू मालक झाली आणि जमीनदाराचा धाक उरला नाही.

विली रेडमंड कोण होते?

आयरिश पक्षाचे पुढारी जॉन रेडमंड यांचे धाकटे भाऊ. पक्ष फुटल्यावर ते पार्नेलच्या बाजूने राहिले आणि १८९२ साली पूर्व क्लेअरमधून निवडून आले. पुढे २५ वर्षं ही जागा त्यांची होती. त्यांची मागणी होमरूलची : साम्राज्यात राहून डब्लिनला स्वतःचं पार्लमेंट. पहिल्या महायुद्धात पन्नाशी उलटलेली असताना ते सैन्यात गेले. ७ जून १९१७ रोजी बेल्जियममध्ये मेसीनच्या लढाईत ते जखमी झाले आणि त्याच दिवशी वारले. त्यांना युद्धभूमीवरून उचलून आणलं ते अल्स्टर डिव्हिजनच्या, म्हणजे होमरूलच्या कट्टर विरोधकांच्या तुकडीतल्या माणसांनी. पूर्व क्लेअरने पुढच्याच महिन्यात त्यांच्या पक्षाला नाकारलं, पण त्यामुळे त्यांचा प्रामाणिकपणा उणा ठरत नाही.

१९१७च्या पोटनिवडणुकीत काय झालं?

मतदान १० जुलै १९१७ रोजी झालं. डी व्हॅलेरा ५,०१०, आयरिश पक्षाचे पॅट्रिक लिंच २,०३५. फरक २,९७५ मतांचा.

डी व्हॅलेरा गणिताचे शिक्षक, न्यूयॉर्कला जन्मलेले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात त्यांनी डब्लिनमधली एक तुकडी सांभाळली, मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली आणि जून १९१७ मध्ये इतर कैद्यांबरोबर ते सुटले. सुटकेनंतर चार आठवड्यांच्या आत निवडणूक. प्रचारात ते स्वयंसेवक दलाच्या गणवेशात फिरले. सोबत ओवन मॅकनील यांना मुद्दाम घेतलं, ज्यांनी उठाव थांबवण्याचा हुकूम काढला होता. फुटलेली माणसं पुन्हा एकत्र आली आहेत हे मतदारांना दिसावं, यासाठी हा हट्ट होता.

लिंच हे क्लेअरचेच, नावाजलेले वकील. पण त्यांनी सरकारतर्फे फौजदारी खटले चालवले होते आणि विरोधकांनी तेच धरून ठेवलं. या गोष्टीला पुढे एक सुखद वळण आहे : १९३६ साली डी व्हॅलेरा यांच्याच सरकारात लिंच अॅटर्नी जनरल झाले.

हा विजय तरुणांमुळे झाला, असं म्हणतात. खरं आहे का?

प्रचार तरुणांनी केला हे खरं. मतं मात्र त्यांची नव्हती. १९१७ साली जुनीच मतदारयादी चालू होती. सर्व सज्ञान पुरुषांना आणि तिशी ओलांडलेल्या ठराविक स्त्रियांना मत देणारा कायदा १९१८ साली आला. म्हणजे ती ५,०१० मतं मुख्यतः घरदार असलेल्या, कर भरणाऱ्या वयस्क पुरुषांची, शेतकऱ्यांची आणि दुकानदारांची. रेडमंड यांना पाठवत आलेला हाच वर्ग. त्यातल्या ७१ टक्के लोकांनी उठावातल्या कैद्याला मत दिलं, म्हणून लंडनला धक्का बसला. त्याच वर्षी उत्तर रॉसकॉमन आणि दक्षिण लाँगफर्ड इथे जुना पक्ष आधीच हरला होता, पण लाँगफर्डला फरक फक्त ३७ मतांचा होता. पूर्व क्लेअरनंतर योगायोग म्हणायला जागा उरली नाही.

डी व्हॅलेरा लंडनच्या पार्लमेंटमध्ये बसले का?

कधीच नाही. निवडून यायचं पण जायचं नाही, हेच त्यांच्या सिन फेन पक्षाचं धोरण. डिसेंबर १९१८च्या सार्वत्रिक निवडणुकीत पूर्व क्लेअरमधून ते बिनविरोध आले. शिवाय पूर्व मेयोत आयरिश पक्षाचे तेव्हाचे पुढारी जॉन डिलन यांना त्यांनी ८,९७५ विरुद्ध ४,५१४ मतांनी हरवलं, तर बेलफास्टच्या फॉल्स मतदारसंघात स्वतः हरले. एकाच वेळी अनेक जागा लढवायला तेव्हा मुभा होती. सिन फेनला १०५ पैकी ७३ जागा मिळाल्या आणि त्या खासदारांनी २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःचं सभागृह, म्हणजे डॉल, भरवलं. त्या दिवशी पूर्व क्लेअरचे खासदार इंग्लंडमधल्या लिंकनच्या तुरुंगात होते.

मतदारसंघ संपला नेमका कधी : १९२१ की १९२२?

दोन्ही उत्तरं ऐकू येतात, कारण दोन वेगळी सभागृहं आहेत. डब्लिनच्या सभागृहासाठी १९२१ सालीच अख्खा क्लेअर पुन्हा एक झाला, या वेळी चार जागांचा, आणि पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत आली. त्या वर्षी चारही जागा बिनविरोध गेल्या. लंडनच्या कागदोपत्री मात्र पूर्व क्लेअर १९२२च्या विसर्जनापर्यंत जिवंत होता.

डी व्हॅलेरा क्लेअरचे प्रतिनिधी राहिले ते १९५९ साली राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत, सलग ४२ वर्षं. यादवी युद्धानंतर ऑगस्ट १९२३ मध्ये एनिसच्या सभेत बोलताना त्यांना अटक झाली, तरी १७ हजारांहून अधिक मतं पडली. त्याच निवडणुकीत समोरच्या बाजूला उभे होते ओवन मॅकनील, सहा वर्षांपूर्वी त्यांच्या खांद्याला खांदा लावून फिरलेले.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

थेट पूर्व क्लेअरशी नाही, पण तिथल्या शब्दाशी आहे. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, बेळगावात. 'होमरूल' हा शब्द विली रेडमंड यांच्या पक्षाचा. आणि त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टर उठाव चालू होता, ज्याने आयर्लंडमध्ये होमरूलची मागणीच मागे टाकली. आपल्याकडे शब्द रुजत असताना त्याच्या जन्मभूमीत तो जुना होत होता. दुसरा एक दुवा : पश्चिम वॉटरफर्ड या अशाच ग्रामीण मतदारसंघाचे खासदार आल्फ्रेड वेब १८९४च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. आणि डी व्हॅलेरा यांनी १९२० साली न्यूयॉर्कमध्ये भारत आणि आयर्लंड या विषयावर भाषण दिलं होतं.

आकडे वाचताना कुठे चुकतं?

१८८५ पूर्वी दोन जागांच्या निवडणुकीत एका मतदाराला दोन मतं असत. उमेदवारांच्या मतांची बेरीज म्हणजे मतदारांची संख्या, असं धरलं की गणित बिघडतं. १८२८ची पोटनिवडणूक एकाच जागेची होती, म्हणून तिथे ३,०३९ ही बेरीज चालते. तारखाही तपासा : अर्ज भरणं, मतदान आणि निकाल या तिन्हींपैकी कुठलीही तारीख 'निवडणुकीची' म्हणून छापलेली असते. बिनविरोध निवडीला मतांचे आकडे नसतात, ते हरवले म्हणून शोधत बसू नका. आणि १८२८, १९१७, १९२३ या आकड्यांची एकमेकांशी सरळ तुलना करू नका, मतदार कोण हे तिन्ही वेळा वेगळं होतं.

क्लेअरमधला आपला पूर्वज मतदार होता का, हे कसं काढायचं?

आयर्लंडचे बरेचसे सरकारी दप्तर ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळालं, त्यामुळे वळसा घालून जावं लागतं. आधी वाडीचं, म्हणजे टाउनलँडचं नाव पक्कं करा. एकाच नावाच्या अनेक वाड्या आहेत, म्हणून पॅरिश (चर्चचा विभाग) आणि बॅरनी (जुना तालुका) हेही टिपून घ्या. मग १८५५च्या सुमाराची क्लेअरची ग्रिफिथ मूल्यांकन यादी, म्हणजे कर आकारणीसाठी केलेली जमीन-घरांची नोंद, पाहा. शेवटच्या रकान्यातलं जमीन आणि घर मिळून एकूण मूल्य १२ पौंड किंवा अधिक असेल आणि कसणारा पुरुष असेल, तर तो मतदार असण्याची दाट शक्यता. कर थकला असेल तर मात्र नाव गळत असे. सामायिक जमिनीचं मूल्य वाटून धरायचं असतं, इथे पुष्कळजण चुकतात.

१८८४ नंतरच्या काळासाठी १९०१ आणि १९११ची जनगणना उपयोगी, ती आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन मोफत ठेवली आहे. घराच्या फॉर्मवर कुटुंबप्रमुख कोण ते बघा. बापाच्या घरात राहणारा तिशीचा मुलगा सहसा मतदार नसे, घरच्या स्त्रिया तर नाहीतच, आणि सरकारी गरीब-साहाय्य घेतलेल्या माणसाचंही मत जात असे. आडनावांच्या स्पेलिंगमध्ये 'ओ' आणि 'मॅक' कधी असतात, कधी गळतात, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा. क्लेअर परगणा ग्रंथालयाने स्थानिक नोंदींचा मोठा साठा खुला केला आहे. वाडीचं नाव हाती असेल तर सुरुवात तिथूनच करा.